ओढ म्हटल्यावरच ओढायचं!

वडप्यात बाथटब? हसलात ना? हसा. ठाण्याहून नाशिक हायवेने निघालात आणि भिवंडी मागे टाकलीत की आमचं गाव येतं. दोन्ही बाजूंना पत्र्याची गोदामं, मध्ये ट्रकांची रांग आणि सगळ्यावर धुळीचा थर. रात्री दीड वाजता अंथरुणात लोळत तुम्ही जे मोबाइलचं कव्हर मागवता ना, ते याच पट्ट्यातल्या कुठल्यातरी रॅकवरून निघालेलं असू शकतं. शेतं गेली, गोदामं आली, गोदामांची भाडी आली आणि भाड्यांतून बंगले उठले. बंगला म्हटला की बाथटब हवाच, हे कॉन्ट्रॅक्टर लोकांनी परस्पर ठरवून टाकलंय. त्यात लोळून अंघोळ करणारा माणूस मात्र मी अजून पाहिलेला नाही. कुणी त्यात पाणी साठवतं, कुणी गोधड्या भिजवतं. आमच्या टबात चार वर्षं गणपतीच्या मखराचं सामान होतं.

‘आत्या, टब तर आहेच आपल्याकडे. वरून फक्त गंज पाडायचा!’ असं माझी दहा वर्षांची पुतणी, म्हणजे आमची छोटी, म्हणाली तेव्हा मला वाटलं टबाचा नळ गंजलाय. मराठीत गंज चढतो तो लोखंडाला. विदर्भातल्या मैत्रिणीला विचारलंत तर ती गंज म्हणजे पातेलं म्हणेल. छोटीचा गंज इंग्लंडचा होता. तिथल्या टीव्हीवर पाहुण्याला खुर्चीत बसवून डोक्यावर रंगीत, चिकट लगदा ओततात. तो लगदा म्हणजे गंज, आणि बसवायची पेटी म्हणजे गंज टँक. बीबीसीवरच्या ‘नोएल्स हाउस पार्टी’ने 1991 ते 1999 या काळात शनिवारच्या संध्याकाळी या टँकवर धमाल उडवून दिली होती. त्याआधी, 1979मध्ये, कॅनडात ‘यू कान्ट डू दॅट ऑन टेलिव्हिजन’ सुरू झाला. त्यात ‘आय डोन्ट नो’ म्हणालात की डोक्यावर हिरवा स्लाइम! पुढे निकलोडियनने तो स्लाइम जगभर नेला, म्हणून माझ्या पिढीला तो ठाऊक. (परफॉर्मन्स रिव्ह्यूत ‘आय डोन्ट नो’ म्हणणाऱ्यांनी विचार करावा.)

पण छोटीला यूट्यूबवर सापडलेला कार्यक्रम तिसराच होता. ‘गेट युअर ओन बॅक’. बीबीसीचाच, 1991 ते 2004. मुलं आपल्याला ताप देणाऱ्या मोठ्या माणसांना घेऊन यायची. आई, बाबा, शिक्षक, कुणीही. तक्रार सांगायची, खेळ खेळायचे आणि शेवटी तो मोठा माणूस धपकन गंजात.

छोटीला टबात कोण हवं होतं हे विचारायची गरजच नव्हती. पप्पा.

दादाचे दोन टेम्पो आणि एक ट्रक आहे. वडपे ते माजिवडा रस्ता रुंद करायचं काम निघालं आणि दादाच्या घड्याळाला अर्थच उरला नाही. ‘दहा मिनिटांत पोचतो’ हे त्याचं वाक्य आमच्या घरात जोक म्हणून चालतं. छोटी पूर्वी त्यावर हसायची. डिसेंबरात शाळेच्या गॅदरिंगला तिचा कोळीनाच होता. दादा पोचला तेव्हा मंडपवाले खुर्च्या एकात एक घालत होते. तेव्हापासून ती त्या जोकवर हसत नाही. दादा वाईट बाप आहे असं अजिबात नाही. पण कमावता माणूस दमून आलाय म्हटल्यावर त्याला कुणी काही विचारत नाही, आणि न विचारल्यामुळे त्यालाही सांगावं लागत नाही. असं बरंच साठलं होतं.

यात माझाही एक हिशेब होता. पूर्वी मी जिथे नोकरीला होते, तिथे धुळवडीच्या आदल्या दिवशी ऑफिसात ‘सेलिब्रेशन’ असायचं. एका वर्षी नवीन लागलेली एक मुलगी नको म्हणाली, तर चौघांनी तिला धरून ऑइलपेंट फासला. बुरा न मानो वगैरे. ती बाथरूममध्ये रॉकेलच्या बोळ्याने गाल घासत रडत होती आणि बाहेर गाणी चालू होती. सुट्टीनंतर ती आलीच नाही. मॅनेजमेंटकडून ‘टीम स्पिरिट’बद्दल सगळ्यांना थँक यू मेल मात्र आला.

म्हणून मी छोटीला अट घातली. वर काय आणि किती भरायचं ते तू ठरव, दोरी तूच ओढ. पण खाली बसलेला माणूस स्वतःच्या तोंडाने ‘ओढ’ म्हणेपर्यंत दोरीला हात नाही लावायचा.

‘आणि पप्पा ओढ म्हणालेच नाहीत तर?’

‘तर नाही ओढायचं.’

‘मग काय उपयोग?’

प्रश्न बिनतोड होता. वहिनी मदतीला आली. तिचं माहेर जुन्या नाशकातलं. तिथे रंगपंचमीला रहाडी उघडतात. रहाड म्हणजे जमिनीत बांधलेला दगडी हौद. पेशवेकाळापासूनच्या आहेत म्हणतात. वर्षभर लाकडं टाकून, वर माती घालून बुजवलेल्या असतात, वरून रहदारी चालते. रंगपंचमीला उकरून, पूजा करून त्यात फुलांचा उकळलेला रंग भरतात आणि लोक त्यात धप्पा मारतात. ‘आमच्याकडे रहाडीत आपण आपली उडी मारायची,’ वहिनी म्हणाली, ‘तुझ्या पप्पांनापण उडीच मारू दे की.’ मला एकदम गोव्यातल्या माशेलचा चिखलकाला आठवला. आषाढी एकादशीनंतर देवकीकृष्णाच्या देवळासमोर माणसं आपणहून चिखलात लोळतात आणि काय खूश दिसतात! छोटीला पटलं की नाही कळलं नाही, पण तिने वहीत नियम लिहून घेतला.

आता लगदा कशाचा करायचा? टीव्हीवाले नॅट्रोसॉल नावाची पावडर वापरतात. सेल्युलोजपासून केलेली, भिंतीचा रंग दाट करायलाही चालते तीच. मी ऑनलाइन शोधत बसले होते आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, दारात उभे राहून ऐकत होते. ‘अगं, खळ पाहिजे तुम्हाला,’ ते म्हणाले.

अण्णांची सगळी नोकरी भिवंडीत सायझिंगमध्ये गेली. मागावर चढायच्या आधी ताण्याच्या सुताला खळ पाजतात, तिला तिथे कांजी म्हणतात. ती नसली तर मागाच्या घासाघाशीत धागा टिकत नाही. मक्याचा स्टार्च, चिंचोक्याची पावडर, किती पाण्याला किती, कुठल्या सुताला किती दाट, हे अण्णांना बोटांनी कळतं. कारखाना बंद झाल्यापासून ते बोटांनी फक्त पेपर चाळतात. त्या दिवशी मात्र त्यांनी मला अर्धा तास लेक्चर दिलं. आमचे धनगर लोक घोंगडीला चिंचोक्याचीच खळ देतात इथपासून सुरुवात! मी म्हटलं, अण्णा, मग ओळखीच्या सायझिंगमधून तयार कांजी आणू या का? ते असे बघायला लागले की बस. खळ नासू नये, तिला बुरशी धरू नये म्हणून तिच्यात औषध घालायची पद्धत आहे. बुक बाइंडिंगवाले मोरचूद घालतात, तसंच. मोरचूद म्हणजे विष. डोळ्यात, तोंडात जाणारी वस्तू घरच्या पातेल्यातच शिजली पाहिजे.

शनिवारी संध्याकाळी 12 लिटर पाण्याला अर्धा किलो कॉर्नफ्लॉर असं प्रमाण धरलं. पीठ आधी गार पाण्यात कालवलं आणि मग उकळत्या पाण्यात धार धरली, नाहीतर गुठळ्या होतात आणि गुठळी डोक्यावर बसते. रंगाला पालकाचा रस. हळद घालायला वहिनीने साफ नकार दिला, टब जन्मभर पिवळा राहील म्हणून.

आणि इथे अण्णांनी जी गोष्ट सांगितली ती मला एकाही व्हिडिओत दिसली नव्हती. पाणी तापवलं तर ते आतल्या आत फिरतं आणि निवतं. दाट खळ फिरत नाही. वरची साय गार, कडा गार आणि पोटात मात्र तासन् तास चटका! शिवाय पाणी अंगावरून ओघळून जातं, खळ चिकटून बसते आणि भाजत राहते. सायझिंगमध्ये असे हात त्यांनी पाहिलेत. म्हणून खळ रात्रभर उघडी ठेवली, सकाळी डावाने तळापर्यंत ढवळली आणि अण्णांनी कोपरापर्यंत हात आत घातल्यावरच ती बाथरूममध्ये गेली.

सांगाडा माझ्याकडे होता. गोदामात इन्व्हेंटरी बघणाऱ्या मुलीला आणखी काही येत नसलं तरी स्लॉटेड अँगलचा रॅक बांधता येतो. (भंगारवाल्याकडून रोखीने घेतला, ऑफिसचा नाही!) चार पाय टबाच्या बाहेर जमिनीवर, आडवे-तिरके अँगल नट-बोल्टने कसलेले. छताला, गिझरला, शॉवरच्या पाइपला काहीही टांगायचं नाही. 12 लिटर म्हणजे 12 किलोच्या वर वजन, ते डोक्यावर येणार. आम्ही आदल्या रात्री रॅकवर 30 किलोच्या तांदळाच्या गोणी ठेवून झोपलो.

व्हिडिओंत बादली उलटतात किंवा झाकण खाली उघडतं. दोन्ही मला पसंत नव्हतं. मी ठरवलेलं तत्त्व एकच, वरून खळ सोडून काहीही पडता कामा नये. म्हणून रुंद प्लास्टिकच्या टबाच्या बुडाला भोक पाडून किचन सिंकचं वेस्ट कपलिंग बसवलं. त्यावर आतून रबरी बूच, बुचाला साखळी, साखळीला दोरी, दोरी वरच्या अँगलच्या हुकातून बाहेर. दोरी ओढली की बूच वर उचललं जातं आणि वरच लटकतं. दोरी तुटली तर बूच जागेवर बसून राहतं. प्लंबरने सामान देताना विचारलं, ‘मॅडम, सिंक कुठाय?’ मी म्हटलं, वर.

बाकी मग बारीकसारीक. भोक आणि डोकं यांच्यात दीड फूट. बाथरूमची लाइन मेन स्विचपासून बंद, उजेडाला खिडकी. टबाचं बूच उघडं, म्हणजे आत काही साचणार नाही. फरशीवर ओलं गोणपाट, कारण खळीवरून पाय सटकला की थेट हाड. बसणाऱ्याने पोहण्याचा चष्मा लावायचा, मान सरळ, तोंड मिटलेलं. दोनदा साध्या पाण्याने ट्रायल घेतली. अण्णा घड्याळ लावून बसले होते, जणू शिफ्ट चालू आहे.

रंगपंचमीच्या आधीचा रविवार. दादा अकराला येतो म्हणाला आणि पावणेअकराला आला! हाफ पँट, बनियन, डोळ्यांवर छोटीचा गुलाबी चष्मा. टबात प्लास्टिकच्या पाटावर बसला. घरातला सगळ्यात धिप्पाड माणूस गुडघे पोटाशी घेऊन बसल्यावर इतका लहान दिसतो हे मला माहीत नव्हतं.

छोटीने वही उघडली. आरोप पहिला : सायकलचा ब्रेक बघतो म्हणालात त्याला तीन महिने झाले. दादा हसला. आरोप दुसरा : मी बोलते तेव्हा मोबाइलमध्ये बघून हं हं करता. परवा मी म्हटलं आपल्या घरात साप आलाय, तरी हं. सगळेच हसले. दादा जास्तच.

आरोप तिसरा : गॅदरिंगला नाचताना मी खुर्च्या दोनदा मोजल्या.

कुणी काही बोललं नाही. दादाने चष्मा कपाळावर सरकवला.

‘दोनदा?’

‘एकदा सुरुवातीला. मग वाटलं तुम्ही नंतर आला असाल, म्हणून शेवटी.’

मला वाटलं आता तो ट्रॅफिकचं सांगेल. माणकोलीला किती वेळ अडकला, पुढे काय झालं. त्याने तोंड उघडलंही. वहिनी पदराशी चाळा करत भिंतीकडे बघत होती. छोटीच्या हातात दोरी होती, पण सैल. नियमाप्रमाणे ती थांबली होती, आणि त्या थांबण्यातच दादाला पळायला जागा नव्हती. तिने हिसका दिला असता तर तो हसून, ओरडून मोकळा झाला असता आणि तिसरा आरोप खळीबरोबर वाहून गेला असता.

‘चुकलं माझं,’ तो म्हणाला. मग चष्मा खाली ओढला, मान सरळ केली. ‘ओढ.’

चार-पाच सेकंद. हिरवी खळ टाळूवरून, कानांवरून, मिशीवरून आली आणि दादाने असा काही आवाज काढला की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. छोटी आधी गप्प उभी राहिली. मग तिला हसू फुटलं ते थांबेना, आणि हसता हसता ती सरळ टबात शिरली, नव्या फ्रॉकसकट. तिला ओढ म्हणायची गरज पडली नाही. वरचं सगळं संपलं होतं, म्हणून दादाने ओंजळीने तिच्या डोक्यावर घातली.

साफसफाई म्हणाल तर दीड तास. घट्ट खळ गटारात सोडू नका, पाइपात बसते. आम्ही बादलीत भरून, पाणी घालून केळीच्या बुंध्याशी ओतली. उरलेली भरपूर पाण्याने धुतली. दादा मात्र अंघोळीच्या आधी छोटीला सायकलचा ब्रेक दाखवायला म्हणून उन्हात गेला आणि तिथेच रमला, तोवर डोक्यावरची खळ वाळली. केस ताठ उभे. अण्णांनी जवळ जाऊन दोन बोटांच्या चिमटीत एक केस धरला, ताणून बघितला आणि म्हणाले, ‘जरा पातळ झाली. पुढच्या खेपेला चिंचोके घालू.’

‘पुढच्या खेपेला कोण?’ दादाने विचारलं.

वहिनी आतून ओरडली, ‘आधी वही आणा!’