माड वरून हिरवोगार, आत भुंगो



खतपाण्याची नोंद उद्या. आज हिपॅटायटिस बी, म्हणजे 'बी' काविळीबद्दल लिहितोय. गेल्या पावसाळ्यापासून तिची रोजची गोळी चालू आहे.

१२ वर्षांपूर्वी रक्तदान केलं आणि रक्तपेढीतून निरोप आला, तेव्हा हे कळलं. डोळे पिवळे नाहीत, ताप नाही, माडावर चढताना दम नाही. डॉक्टर म्हणाले, विषाणू सध्या शांत आहे, गोळी नको, पण दर ६ महिन्यांनी रक्त तपासा. गेल्या जूनमध्ये एसजीपीटी तिपटीवर गेलं, रक्तातले विषाणूही वाढलेले. अंगात मात्र काहीच जाणवत नव्हतं.

सोंड्या भुंग्याची अळी अशीच. खोड आतून पोखरते, झावळ्या हिरव्या. शेंडा कलंडला की उपाय संपला. वेळेवर खोडाला कान लावला तर कुरतडल्याचा आवाज येतो. रक्ततपासणी म्हणजे तोच कान. अमिताभ बच्चन यांना १९८२ च्या 'कुली'च्या अपघातानंतर दिलेल्या रक्तातून हा विषाणू आला. कळलं कित्येक वर्षांनी, तोवर ७५ टक्के यकृत गेलेलं, हे त्यांनीच जाहीर सांगितलंय.

माझी गोळी टेनोफोविरची. ती विषाणूची वाढ दाबते, मुळासकट काढत नाही. आपल्या मनाने बंद केली तर तो पुन्हा उसळतो, कधी जिवावर बेततं. सरकारी कार्यक्रमात २०१८ पासून काविळीच्या या विषाणूंची तपासणी आणि औषधं मोफत आहेत. जिल्हा रुग्णालयात विचारा.

शेजारची काकी म्हणाली, "तुझा ताट वेगळा ठेव रे बाबा." काकी, एका ताटात जेवून हा पसरत नाही. रक्तातून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला जातो. म्हणून माझं ब्लेड आणि ब्रश वेगळा. बायको-पोरांची तपासणी करून लस घेतली. नवजात बाळाला पहिला डोस २४ तासांत हवा.

आता आपल्या धंद्यातली गोष्ट. देवबागेत एका बाजूला समुद्र, दुसरीकडे कर्ली खाडी. हवा कायम दमट, खोबऱ्याला बुरशी लगेच. त्या बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन यकृताचा कर्करोग घडवतं, आणि 'बी' असलेल्या माणसाला हा धोका कित्येक पटींनी जास्त. बुरशीचे शेंगदाणे, मका यांचंही तेच. घाण्यावर ते तसंच तेलात उतरतं, पेंडीतून गाईच्या दुधात येतं. खोबऱ्याचा ओलावा ६ टक्क्यांवर आणूनच साठवा. काळं-हिरवं पडलेलं "चलता मा" म्हणून घरात ठेवू नका. दारू, माडी मी बंद केली. झाडपाल्याचा काढाही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेत नाही.

घरात कोणाला 'बी' असेल, तर शेवटची तपासणी कधी झाली, ती तारीख आजच काढून बघा.