अनवाणी

डांबरी रस्त्यावर अनवाणी पावलं पळू लागली की जो आवाज होतो, तो बुटांच्या आवाजाच्या जवळपासही जात नाही. त्यात टाच फारशी नसतेच. चवडा टेकतो न टेकतो तोच उचलला जातो आणि मागे उरते एक मऊ, किंचित ओलसर थाप. तिच्यामागे दुसरी, तिसरी, मग मोजताच न येणारी.

सोलापुरात हा आवाज नवरात्राच्या तोंडावर येतो. तुळजापूरला आईच्या दारी ज्योत पेटवून निघालेली मंडळांची पोरं रात्रभर पळत असतात, ज्योत या हातातून त्या हातात जाते, मागून टेम्पो रखडत येतो. लहानपणी अर्धवट झोपेत आधी कुत्र्यांचं भुंकणं ऐकू यायचं, मग कर्ण्यावरचं गाणं, मग ‘उदो उदो’चा पुकारा, आणि या सगळ्या गलक्याच्या तळाशी ती थाप. आई अंथरुणातूनच हात जोडायची. आम्ही बहिणी गॅलरीच्या गजांना तोंड लावून बघत राहायचो. पळणारे सगळे मुलगे. मुलींनी पळायचं ते नळाला पाणी आलं की, घागर घेऊन. आणि आमच्या सोलापुरात पाणी कधी येणार, हे त्या तुळजाभवानीलाच ठाऊक.

म्हणूनच असेल, ८ ऑक्टोबर २०१० हा दिवस माझ्या मनात निराळ्याच जागी जाऊन बसला आहे. त्या दिवशी घटस्थापना होती. आमच्या रस्त्यांवर ज्योती येत होत्या, आणि तिकडे दिल्लीत राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर पळायला कविता राऊत उभी होती. पंचवीस फेऱ्या. पुढे केनियाच्या दोघी, आणि तिसरी ही, नाशिकच्या आदिवासी पाड्यावरची. मिल्खासिंगांच्या १९५८ च्या सुवर्णानंतर राष्ट्रकुलच्या ट्रॅकवर भारताला मिळालेलं हे पहिलं वैयक्तिक पदक. तिच्या पायांत स्पाइक्स होते, ट्रॅक सिंथेटिक होता, स्टेडियम गर्जत होतं. तरी मला त्यातून ऐकू येत होती ती आमच्या रस्त्यावरचीच थाप.

कारण ती पळायला लागली ती अनवाणीच. खेळायचं तर काही ना काही विकत घ्यावं लागतं. पळायला मात्र पायच पुरतात, म्हणून तिने पळणं निवडलं. त्र्यंबकेश्वर तालुक्यातलं सावरपाडा, हरसूलच्या बाजूचा डोंगरउतार. पावसाळ्यात तिथे आभाळ फाटतं, नागली-वरईची रोपं चिखलात उभी राहतात, आणि होळी सरली की तोच डोंगर कोरडाठाक पडून बायकांना हंड्यामागे पायपीट करायला लावतो. आम्ही सपाटीची, उन्हाची माणसं. पण हंड्याच्या ओझ्याखाली मान कशी ताठ ठेवावी लागते आणि पावलं कशी जपून, तरीही भराभर टाकावी लागतात, ते आम्हाला कुणी सांगायला नको.

वर्तमानपत्रांनी तिला ‘सावरपाडा एक्सप्रेस’ म्हटलं. आमच्याकडे एक्सप्रेस म्हणजे हुतात्मा नाहीतर सिद्धेश्वर. सावरपाड्याला रेल्वेच नाही, हे कुणाच्या गावीही नसावं!

जगाच्या पार दुसऱ्या टोकाला, कॅनडाच्या उत्तरेत, मॅकेन्झी नदीच्या मुखाशी ग्विचिन या आदिवासी जमातीत १९५३ साली दोन जुळ्या बहिणी जन्मल्या, शर्ली आणि शॅरन फर्थ. सापळे लावून पोट भरणाऱ्या घरातल्या. पुढे त्या बर्फावर लांब पल्ल्याचं स्कीइंग करू लागल्या आणि १९७२ ते १९८४ अशी लागोपाठ चार हिवाळी ऑलिंपिक खेळल्या. ऑलिंपिक पदक एकीलाही नाही. मी बर्फ पाहिला तो उसाच्या रसातला. पण या बहिणींविषयी वाचताना सावरपाड्याची वाट डोळ्यांपुढे आली. कष्टानेच ज्या पायांना दम शिकवला, ते पाय एके दिवशी कुणाच्याही कामासाठी नव्हे तर नुसते स्वतःसाठी धावतात, तेव्हा त्यांना काय वाटत असेल? हलकं? की चोरून खेळल्यासारखं?

त्याच ऑक्टोबरात कोजागिरी आली. कोजागिरीला सोलापूर चालत निघतं. इथल्या रूपाभवानीच्या देवळापासून तुळजापूर पंचेचाळीसेक किलोमीटर, म्हणजे अख्ख्या मॅरेथॉनहून थोडं जास्तच. आणि ते अंतर आमच्या विडी वळणाऱ्या बाया, यंत्रमागावरचे कामगार, कर्नाटकातून आलेली कुटुंबं चांदण्यात अनवाणी तोडतात. तामलवाडीच्या अलीकडे रस्त्याकडेला एक बाई बसली होती. भेगाळलेली टाच मांडीवर घेऊन, मंगळसूत्राला अडकवलेली सेफ्टी पिन काढून, दिव्याच्या उजेडाकडे पाऊल वळवत ती काटा काढत होती. निघाला. पदराने टाच पुसली, पिन परत मंगळसूत्रात, आणि उठून चालायला लागली. तिला कुणी खेळाडू म्हटलं असतं तर ती पदर तोंडाला लावून हसली असती.

नोव्हेंबरात ग्वांगझूला, आशियाई स्पर्धेत, कविताने दहा हजार मीटरमध्ये रौप्य मिळवलं. केरळची प्रीजा श्रीधरन तिच्या पुढे. पंचवीस फेऱ्यांनंतर दोघींत अंतर किती, तर एका सेकंदाहूनही कमी. पाच हजार मीटरमध्ये कांस्य. २०१२ ला अर्जुन पुरस्कार. २०१६ च्या फेब्रुवारीत गुवाहाटीला दक्षिण आशियाई स्पर्धेत मॅरेथॉनचं सुवर्ण आणि रिओ ऑलिंपिकचं तिकीट.

आणि रिओत एकशे विसावी. दोन तास, एकोणसाठ मिनिटं, एकोणतीस सेकंद. लोकांनी मान हलवून पान उलटलं. मला मात्र तिच्या सगळ्या शर्यतींत हीच जवळची वाटते. पदक हातचं गेल्यावरही त्या उन्हात, परक्या रस्त्यावर, एकेक पाऊल शेवटापर्यंत टाकत नेणं... आमच्या तामलवाडीच्या बाईला ते न सांगता कळलं असतं.

सरकारदरबारी मात्र ते कळायला वेळ लागतो. राज्याच्या नोकरीसाठी आपण वर्षानुवर्षं थांबलो आहोत, आदिवासी म्हणूनच आपल्याला डावललं का, असं तिने २०२४ मध्ये जाहीरपणे विचारलं. वाचून घशात आवंढा आला. जिच्या नावावर आपण एवढे मिरवलो, तिला हे विचारावं लागावं!

तिच्यामागून नाशिकच्या मुली मात्र थांबल्या नाहीत. प्रशिक्षक विजेंदरसिंगांच्या तालमीत संजीवनी जाधव घडली. २०१७ ला भुवनेश्वरच्या आशियाई अजिंक्यपदात तिने पाच हजार मीटरचं कांस्य घेतलं.

माझी भाची रोज पहाटे पार्क मैदानावर पळते. कविताचा दहा किलोमीटर रस्त्यावरचा तेव्हाचा विक्रम, २०१० मध्ये बंगळुरूला केलेला, चौतीस मिनिटं बत्तीस सेकंद, तिने कपाटाच्या दाराला आतून खडूने लिहून ठेवलाय. स्वतःची वेळ ती कुणाला सांगत नाही. परवा घाम पुसत म्हणाली, “मावशी, सावरपाड्याला जायचं तर कसं जायचं गं?”

म्हटलं, नाशिकपर्यंत गाडी आहे. पुढे हरसूलची एस.टी. धरायची. उरलेलं तू पळत जाशील, मी येते मागून.