शिवमंदिरातील रंगीत तालीम

गेल्या हिवाळ्यात सत्तरी ओलांडलेले एक दांपत्य माझ्याकडे आले. त्यांची लेक स्कॉटलंडमधील स्टर्लिंग या छोट्या शहरात राहते. तिच्याकडे तीन आठवडे मुक्काम करून आसपासची स्थळे पाहण्याचा बेत होता. काकांनी यादीच पुढे केली: रोज एक नवे गाव, कड्यावरचा किल्ला आणि २४६ पायऱ्यांचे वॉलेस स्मारक. ‘‘तब्येत ठीक असल्याचे प्रमाणपत्र तेवढे द्या,’’ ते म्हणाले.

‘‘त्याआधी एकदा शिवमंदिरात जाऊ. मीही येतो,’’ मी म्हणालो.

वालधुनीच्या काठावरील अंबरनाथचे हे शिवमंदिर शिलाहारकालीन. तेथील शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा उल्लेख आहे. भिंतींवरील शिल्पे पाहत सावकाश प्रदक्षिणा घालावी, असे हे स्थान. एरवी गाभाऱ्याकडे चढून जावे लागते. येथे मात्र सभामंडपातून सुमारे वीस पायऱ्या उतरून जावे लागते. उतरताना गुडघ्यांची परीक्षा, चढताना हृदयाची.

काकूंनी पायऱ्यांच्या वरच्या टोकाशी थांबूनच हात जोडले. काका झपाझप उतरले. परत येताना मात्र मध्येच थांबले, छातीवर हात ठेवून. ‘‘जरा पित्त झालंय,’’ ते हसून म्हणाले. काकू हलक्या आवाजात म्हणाल्या, ‘‘जिना चढतानाही यांना हल्ली असंच होतं.’’

चढताना छाती जड होणे आणि थांबल्यावर बरे वाटणे, हे पित्त समजून सोडून देऊ नये. त्याच दिवशी तपासणी सुरू झाली. हृदयाच्या एका रोहिणीत मोठा अडथळा निघाला, अँजिओप्लास्टी झाली. प्रवास पुढे ढकलला, रद्द केला नाही.

हृदयरोगतज्ज्ञांच्या अनुमतीनंतर आम्ही यादी नव्याने केली. मुक्काम एकाच ठिकाणी, दिवसाला एकच स्थळ, एकाआड एक दिवस विश्रांती. किल्ल्यापर्यंत वाहनाने; स्मारक पायथ्यावरून पाहायचे. औषधे हातातील पिशवीत, सोबत औषधांच्या मूळ नावांची चिठ्ठी. विम्याच्या अर्जात सर्व आजार नोंदवलेले. विमानात अधूनमधून उठून चालायचे. उन्हाळ्यात तेथील घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते, म्हणून गोळ्यांच्या वेळा आधीच ठरवून घेतल्या. जूनमध्ये तेथे रात्री दहापर्यंत उजेड असतो. झोपेसाठी जाड पडदे लावण्यास लेकीला कळवले.

घरातील वडीलधाऱ्यांना दूरच्या प्रवासाला पाठवण्यापूर्वी जवळच्या अशा एखाद्या ठिकाणी त्यांच्यासोबत जावे. शिवमंदिरात जायचे तर महाशिवरात्र आणि श्रावणी सोमवारची गर्दी टाळावी, सकाळी लवकर, थोडे खाऊन निघावे. ते कोठे थांबतात, कशाचा आधार घेतात, काय हसण्यावारी नेतात, याकडे लक्ष असू द्यावे. दवाखान्यात न सांगितलेले पुष्कळ काही पायऱ्यांवर कळते.

निघण्याआधी काका-काकू पुन्हा मंदिरात गेले. या वेळी काकाही वरच थांबले होते, असे काकूंनी आवर्जून सांगितले.