मॉडेल टी, अण्णा आणि मी

व्हायवा म्हटली की भल्याभल्यांची दांडी गुल होते. आयसी इंजिनच्या व्हायवाला एक्स्टर्नलनी मला विचारलं, “फोर्डच्या मॉडेल टीचं इंजिन 2.9 लिटरचं, तरी पॉवर फक्त 20 एचपी. मारुती 800 चं इंजिन 796 सीसीचं, पॉवर 37. असं का?”

मी ठोकून दिलं, “सर, तेव्हाचे इंजिनिअर एवढे हुशार नव्हते.” सर नुसते हसले. मार्क मिळायचे तेवढेच मिळाले!

शनिवारी घरी गेलो. अण्णांचं छोटंसं गॅरेज आहे, शिक्षण नववी. “काय विचारलं रे परीक्षेत?” प्रश्न सांगितला आणि वर वैतागून म्हणालो, “जाऊ द्या अण्णा, तुम्हाला नाही कळणार ते.” ते गप्प बसले. जेवताना मात्र म्हणाले, “अरे, तेव्हाचं पेट्रोल कसलं होतं? जास्त दाबलं की नॉक मारणार.”

रात्री पुस्तक उघडलं. अण्णांचं बरोबर होतं! 1908 ते 1927 या काळात निघालेल्या मॉडेल टीचा कॉम्प्रेशन रेशो चारच्या आसपास, आजच्या पेट्रोल गाड्यांचा दहाच्या आसपास. ऑटो सायकलच्या फॉर्म्युल्यात 4 टाकले तर थिअरीतली एफिशियन्सी 43 टक्के येते, 10 टाकले तर 60. त्यात बिडाचे जड पिस्टन आणि नुसतं उडणाऱ्या तेलावरचं वंगण. म्हणून तिची पॉवर 1600 आरपीएमला, मारुतीची 5000 ला. 1921 मध्ये जनरल मोटर्सच्या थॉमस मिजलीने पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग मिसळून नॉकिंग आवरलं, मग रेशो वाढत गेले. पण शिसं विषारी. आपल्याकडे 2000 साली ते पेट्रोलमधून काढलं.

आणि जास्त पळवून थांबवणार कशी? मॉडेल टीच्या पुढच्या चाकांना ब्रेकच नव्हते! ताशी 65-70 किलोमीटर म्हणजे पुष्कळच. तेव्हाचे इंजिनिअर कमी नव्हते. हाताशी होतं तेवढ्यात त्यांनी दीड कोटी गाड्या रस्त्यावर आणल्या.

वाचताना अण्णाच डोळ्यांसमोर येत होते. त्यांना नववीपुढे शिकायला मिळालं नाही, पण माझी फी त्याच गॅरेजमधून येते.

सकाळी गॅरेजात गेलो. “अण्णा, तुमचं बरोबर होतं.”

“हं. तो पाना दे, हेड खोलायचंय,” एवढंच म्हणाले.

सॉरी काही माझ्या तोंडून निघालं नाही. म्हणून हा लेख. अंक आला की त्यांना वाचायला देणार आहे.