कुरणातील शाळा

डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीभोवती वारली लोकांचे पाडे विखुरलेले आहेत. १९५७ साली ताराबाई मोडक आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी बोर्डी गावी चालविलेले आपले शिक्षणकार्य या टेकडीवर आणले. शाळा उघडली, पण मुले काही शाळेत येईनात.

मुले आळशी होती काय? मुळीच नाही. दिवस उजाडला की कोणी गुरे घेऊन कुरणात जाई, तर कोणी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन दिवसभर सांभाळी. आईबाप मजुरीला गेलेले असत. मूल शाळेत गेले, तर गुरे कोणी राखायची आणि तान्ह्याला कोणी पाहायचे, हा त्या घरांपुढील खरा प्रश्न होता.

अशा वेळी मुलांना दोष देऊन स्वस्थ बसणे सोपे असते. अनुताईंची वृत्ती निराळी होती. मूल शाळेपर्यंत येऊ शकत नसेल, तर शाळेने मुलापर्यंत गेले पाहिजे, अशी त्यांची श्रद्धा होती. बोर्डीस १९४५ पासून काम करताना त्यांना हा अनुभव आलाच होता. तेथे गरीब वस्तीतील मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच बालवाडी त्यांच्या अंगणात नेली गेली. ‘अंगणवाडी’ जन्मास आली ती अशी!

कोसबाडला हीच वाट पुढे कुरणापर्यंत गेली. गुरे चरत असत आणि झाडाच्या सावलीत वर्ग भरे. महागड्या साधनांचे तेथे काय काम? खडे मोजावे, पाने निरखावी, बिया निवडाव्या. गणित आणि निसर्गाचा अभ्यास दोन्ही साधत. मुलाचे एक लक्ष गुरांकडे असले, तरी त्याबद्दल त्याला कोणी रागावत नसे. कारण ते त्याचे कर्तव्यच होते. अशी ही ‘कुरणशाळा’!

भावंडे सांभाळणाऱ्या मुलींसाठीही मार्ग निघाला. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आली. ताईने तान्ह्याला पाळणाघरात ठेवावे, मधल्याला बालवाडीत बसवावे आणि आपण निश्चिंत मनाने पाटी हाती घ्यावी! या योजनेस ‘विकासवाडी’ असे सार्थ नाव मिळाले.

दुसऱ्याची अडचण इतक्या जवळून अनुताईंना कशी कळली? त्यांचा जन्म १९१० सालचा. बालपणीच विवाह झाला आणि लवकरच वैधव्यही आले. त्या काळी अशा मुलीचे आयुष्य घराच्या कोपऱ्यात संपून जाई. पण अनुताई शिकल्या, शिक्षिका झाल्या आणि नोकरी सांभाळून रात्रशाळेतही शिकल्या. शिकण्याची इच्छा असूनही वाट अडणे म्हणजे काय, हे त्यांनी स्वतः भोगले होते.

१९७५ साली देशात एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना ‘अंगणवाडी’ हेच नाव मिळाले. अनुताई १९९२ साली निवर्तल्या. आज खेडोपाडी लहान मुले अंगणवाडीत जातात. एका वस्तीतील मुले शाळेत का येत नाहीत, हे कोणी तरी आपुलकीने विचारले होते, म्हणून हा शब्द त्यांच्या ओठी आला. वर्गातील एखादी जागा रिकामी दिसली, तर आपणही आधी तोच प्रश्न विचारावा.