देणाऱ्यांची वही

तालुक्याचं नाव आंबेगाव, पण आंबेगाव नावाचं मूळ गाव पाण्याखाली आहे. घोड नदीवर डिंभ्याला धरण झालं आणि ज्या गावानं अख्ख्या तालुक्याला नाव दिलं तेच जलाशयात गेलं. कचेरी घोडेगावात, मोठा बाजार मंचरला, आणि नाव त्या बुडालेल्या गावाचं. पाण्यालाही नाव आहे, हुतात्मा बाबू गेनू सागर. बाबू गेनू याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा. १२ डिसेंबर १९३० ला मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकपुढे तो आडवा झाला, तेव्हा त्याची विशी नुकतीच उलटली होती. भीमाशंकरला जाणारी माणसं एसटीच्या खिडकीतून हे पाणी बघतात आणि किती सुंदर म्हणतात. सुंदर ते आहेच.

माझी पहिली कादंबरी या पाण्याखालच्या गावाच्या शेवटच्या वर्षाची आहे. पाणी येणार हे सगळ्यांना ठाऊक झालंय, तरी यंदा छप्पर शाकारायचं की नाही यावरून एका घरात नवरा-बायकोचं वाजलंय, तिथून ती सुरू होते. त्या बाईचं नाव ठकूबाई. दिवसा मी मंचरला एका पतसंस्थेत नोकरी करते. त्यामुळे ठकूबाईच्या वाट्याला माझी पहाट येते, आजी उठून चूल पेटवेपर्यंतची. भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ १९६३ साली आली तेव्हा ते पंचविशीचे होते. पंचविशी जवळ आलेल्या प्रत्येक मराठी लिहिणाऱ्याला हा आकडा पाठ असतो. माझं काम सावकाश चाललंय, आणि ते तसं चाललंय याचा मला आनंद आहे, कारण या सावकाशीतच माणसं येऊन मला काहीबाही देऊन जातात.

ते देणं मी लिहून ठेवते. महिना संपला की अमावास्येच्या रात्री एक वही उघडायची. कादंबरी कुठवर आली ते आधी लिहायचं, आणि त्याखाली त्या महिन्यात कुणी काय दिलं ते. नाव, नातं, दिलेली वस्तू. त्यापुढे एक शब्द नाही.

ही रीत मी जुन्नरच्या लेण्यांकडून घेतली. जुन्नरला कॉलेजात असताना ब्राह्मी वाचायचा छंद लागला तो आजतागायत सुटलेला नाही. गावाभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आहेत. लेण्याद्री, शिवनेरी, मानमोडी, तुळजा. लेण्याद्रीला लोक पायऱ्या चढून गिरिजात्मजाचं दर्शन घेतात आणि उतरतात. आजूबाजूच्या लेण्यांतली अक्षरं मात्र बहुतेकांची बघायची राहून जातात. ती अक्षरं दिसायला इतकी साधी आहेत की लहान मूलही ती शिकेल. क म्हणजे अधिकाचं चिन्ह, ठ म्हणजे पोकळ वर्तुळ, न म्हणजे आडव्या रेघेवर उभी केलेली एक रेघ. काय लिहिलंय त्यात? बहुतेक ठिकाणी दान. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनं सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दिलं. इरिल नावाच्या यवनानं दोन टाकी दिली. दुसऱ्या एका यवनानं, चिट त्याचं नाव, भिक्षूंना जेवायला मंडप दिला. कुणी करंजाची आणि वडाची झाडं लावायला जमीन दिली. हे यवन लांबून आलेले, कदाचित समुद्र ओलांडून, घाट चढून. पण आपण कसे आलो, काय सोसलं, हे त्यांनी दगडावर कोरलं नाही. पाणी दिलं, एवढंच कोरलं. उन्हाळ्यात कातळात खोदलेल्या अशा टाक्यातलं गार पाणी ओंजळीत घेतलं की मला त्या नोंदी फार मोठ्या वाटतात.

या चैत्रात नाणेघाटात जाऊन आले. धाकटा भाऊ मोटरसायकलवर मागे बसवून घेऊन गेला, घाटघरला उजाडलं. घाटाच्या तोंडाशी तो दगडी रांजण आहे, जकातीची नाणी त्यात टाकत असं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. तिथून दगडी वाट उतरली की लेणं. डाव्या आणि उजव्या भिंतीवर सातवाहन राणी नागनिकेचा मोठा लेख आहे. कोणते यज्ञ केले आणि दक्षिणा काय दिली याची ती यादी. गायी, घोडे, हत्ती, कार्षापण, आणि गायींचे आकडे हजारांत. एकोणिसाव्या शतकात भगवानलाल इंद्रजींनी यातले आकडे आणि अक्षरं चिकाटीनं लावली. मी त्या दिवशी मागच्या भिंतीसमोर जास्त वेळ बसले. तिथे राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. सिमुक, नागनिका, सातकर्णी, कुमार हकुसिरी, अशी ओळीनं उभी असलेली माणसं. आज वर नावं शिल्लक आहेत आणि खाली पावलांच्या खुणा. मधली माणसं नाहीत. गुडघे नाहीत, हात नाहीत, चेहरे नाहीत. कोकणातून वर येणारा वारा त्या मोकळ्या जागेत शिरतो. भावानं विचारलं, “ताई, यांचे चेहरे कसे असतील गं?” मी म्हटलं, “नाव आहे, पावलं आहेत. मधलं आपण भरायचं.” परतीच्या वाटेवर कळलं की मी माझ्या कादंबरीच्या कामाबद्दलच बोलले होते. आजीच्या तोंडून मला बुडालेल्या गावातल्या माणसांची नावं मिळतात, आणि कोण कुठून कुठे चालत गेलं ते मिळतं. मधलं सगळं भरायचंय.

आजी त्या गावात नांदायला आली होती. तिला विचारायला बसलं की ती तांदूळ निवडता निवडता बोलते. हात थांबला की बोलणंही थांबतं, म्हणून मी आधी सूप भरून ठेवते. ठकूबाईचा निरोपाचा प्रसंग तिला वाचून दाखवला तेव्हा तिनं पुरता ऐकला आणि म्हणाली, “चांगलं हाय. पर बाईला लई रडवू नगं. तवा रडाया सवड कुणाला व्हती? दारं, चौकटी, वासं उचकटून न्यायचं व्हतं. उंबरा निघंना तर तुझा आज्जा दोन दीस पहार घेऊन त्याच्यामागं.” त्या उंबऱ्यासाठी मी एक अख्खं प्रकरण मोकळं ठेवलंय. सागाचा, मधोमध झिजून खोलगट झालेला उंबरा. तो आजही आमच्या घोडेगावच्या घरात आहे, मागच्या दाराला, आणि त्या दाराच्या मापापेक्षा वीतभर लांब.

चैत्रातलं मोठं देणं पडकईनं दिलं. आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिमेला डोंगरउतारावर भाताची खाचरं करायची तर आधी दगडांचे ताल रचावे लागतात. पावसाळ्यात इथे आभाळ फाटल्यासारखं कोसळतं आणि दरवर्षी कुठे ना कुठे ताल फुटतो. उन्हाळ्यात सगळे मिळून तो सांधतात. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. मजुरी कुणी कुणाला देत नाही. हीच पडकई. कुसुमताई कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या शाश्वत संस्थेनं या भागात पडकईसाठी आणि धरणग्रस्तांना पाणी ओसरल्यावरच्या गाळपेर जमिनीत पीक घेता यावं म्हणून वर्षानुवर्षं काम केलं. मी कागदावर हे सगळं वाचलं होतं. मावशीच्या सासरी सुट्टीच्या दिवशी पडकई आहे म्हटल्यावर मी सरळ घमेलं उचलायला गेले.

मावशीचे थोरले दीर, त्यांना सगळे तात्या म्हणतात, ताल रचायला बसले होते. बाकीचे दगड आणून त्यांच्या डाव्या हाताला टाकत. तात्या दगड उचलत, मांडीवर एकदा फिरवत आणि त्याचं तोंड शोधत. हातोडा क्वचित लागे. तोंड बाहेर, निमुळती शेपूट आत मातीत, आणि ताल जरासा डोंगराकडे कललेला. बसवलेल्या दगडावर ते तळहात ठेवून हलवून बघत. डुगडुगला तर खाली चपटी चीप सारत, पुन्हा हात ठेवत. मी दोन दगडांमधल्या फटीत माती भरायला गेले तर म्हणाले, “ऱ्हाऊ दे पोरी. पाण्याला वाट ठिवायची. अडवलं की ताल पोटातून फुगतो आन मग समदाच येतो खाली.” मावशी वरून हसत म्हणाली, “लिहून घे, लिहून घे.” मी खरंच लिहून घेतलं, मातीच्या हातांनी, चहाबरोबर आलेल्या वर्तमानपत्राच्या कडेला.

त्या आठवड्यात कादंबरी पुढे सरकली. ठकूबाईचा नवरा पाण्यात जाणाऱ्या खाचराचा फुटलेला ताल सांधायला बसतो. लोक त्याला वेड्यात काढतात. तो दगड मांडीवर फिरवत राहतो. ठकूबाई भाकरी घेऊन येते, काही बोलत नाही, पदर खोचून दगड आणायला लागते. छपरावरून सुरू झालेलं त्यांचं भांडण तिथे मिटतं. इतके महिने मला ते मिटवता येत नव्हतं. संवाद लिहून लिहून हात दुखत होते. तात्यांच्या तळहातानं ते काम केलं.

नारायणगावचं देणं वेगळं. पाडव्याच्या सुमाराला तिथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच जत्रेसाठी फड ठरवायला येतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांचं हे गाव. तमाशाची पंढरी म्हणतात ते उगीच नाही. मामा आमच्या आजोळच्या जत्रेचा पंच, त्याच्याबरोबर मीही गेले. राहुटीत टेबलावर तारखांची वही, मागे कनातीला कलावंतांचे फोटो, बाहेर चपलांचा ढीग. एकाच पौर्णिमेवर कितीतरी गावांचा डोळा. व्यवस्थापक मान वर न करता म्हणाला, “पाव्हणं, ती रात गेली. दुसरी सांगा.” मामा म्हणाला, “देवाची तारीख कशी बदलायची?” मग चहा आला, सुपारीचा आकडा कमी-जास्त झाला, पुन्हा देवाची तारीख निघाली. मी कोपऱ्यात बसून ऐकत होते. माझ्या कादंबरीत गावाची शेवटची जत्रा आहे. पुढल्या वर्षी गाव नसणार हे पंचांना ठाऊक आहे, तरी सुपारी द्यायला ते नारायणगावला येतात, आणि तारखेसाठी असेच अडून बसतात. हा प्रसंग अजून लिहायचाय, पण त्याचा आवाज कानात बसलाय.

छंदांचं म्हणाल तर कागदाच्या घड्याही आहेत. संध्याकाळी डोळे अक्षरांना कंटाळले की चौकोनी कागद घेऊन बसते. ससा, बगळा, झाकण असलेली डबी. हे वेड अनिल अवचटांमुळे लागलं. ते आमच्या शेजारच्या ओतूरचे, १९४४ चा जन्म. ‘छंदांविषयी’ हे त्यांचं पुस्तक मी शाळेत असताना वाचनालयातून पुन्हा पुन्हा आणलं. ओरिगामी, लाकूडकाम, बासरी, चित्रं, आणि या सगळ्यात रमणारा माणूसच हमालांवर आणि विडी कामगारांवर लिहितो, याचं मला केवढं तरी अप्रूप वाटे. छंद हा कामातून चोरलेला वेळ असतो असं मला त्यांच्यामुळे कधी वाटलंच नाही. २०२२ च्या जानेवारीत ते गेले. त्या वर्षीच्या पहिल्याच पानावर मी त्यांचं नाव लिहिलं, पुढे ‘वाचक’ हे नातं, आणि वस्तू म्हणून ‘रिकामा हात कसा भरायचा ते’.

या अमावास्येला चैत्राचं पान भरलं. तात्या, मावशीचे दीर, पाण्याला ठेवलेली वाट. मामा, देवाच्या तारखेची घासाघीस. भाऊ, घाटघरची पहाट आणि एक प्रश्न. मावशी, बाळहिरडा वेचायला जाताना डोक्याला कापड कसं बांधायचं ते. तिनं स्वतःच्या हातानं माझ्या डोक्याला बांधून दाखवलं, गाठ मागे, सुटं टोक खांद्यावर, घाम पुसायला. पतसंस्थेतल्या वहिनी, तासभर वेळ. त्यांनी एका धरणग्रस्त खातेदाराला समोरच्या खुर्चीत बसवून मला खुणेनं बोलावलं आणि माझं टेबल तासभर सांभाळलं. आजी, उंबरा.

कादंबरीच्या बाजूला लिहिलं : भांडण मिटलं, ताल उभा राहिला, जत्रा बाकी, उंबरा बाकी.

वैशाखात पाणी आणखी उतरेल, काठाकाठानं गाळपेरीची रानं मोकळी होतील. आजीनं तिकडे जायचं काढलंय. जिथे आमचं घर होतं ती जागा पाण्यातच असेल तर होडीतून वरून बघू म्हणते. “चिंच गेली आसंल, पर समोरचा डोंगर तर हाय ना. त्याच्या खिंडीसमोर आपलं दार.” जलाशयात मासे धरणाऱ्या एका लांबच्या भाच्याशी तिनं होडीचं बोलून ठेवलंय, जीपवाल्याला मंगळवार सांगितलाय. मला रजा टाकायचीये, आणि खिंडीच्या दिशेनं दार म्हणजे सकाळचं ऊन घरात कुठवर यायचं, ते तिला तिथेच विचारायचंय.