चेंबरमधला गाळ

खंबाटकी घाट चढताना डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागला. जुन्या शिवणयंत्राच्या तेलाच्या कुपीसारखं चित्र असतं ना, तो. जानेवारी २०२१, कोल्हापूरला लग्न, मागच्या सीटवर आईच्या मांडीवर आहेराच्या साड्या. तेल मी आदल्याच दिवशी पाहिलं होतं. पट्टीवर वरच्या खुणेपर्यंत होतं. त्यामुळे मी मोठ्या आत्मविश्वासाने म्हणालो, ‘‘सेन्सर गेलाय.’’ शिवाय घाटात, मागे ट्रकची रांग असताना, गाडी थांबवणार कुठे? घाटमाथा गाठू आणि बघू. दीड किलोमीटर असेल. त्यातल्या शेवटच्या दोनेकशे मीटरमध्ये खलबत्त्यात खडे कुटावेत तसा आवाज सुरू झाला आणि मग एकदम काहीच आवाज येईना.

तो दिवा तेल किती आहे ते सांगत नाही, तेलाचा दाब किती आहे ते सांगतो. गाडी चालवायला लागून मला तेव्हा एकोणीस वर्षं झाली होती आणि हे माहीत नव्हतं. नंतर ज्यांना ज्यांना विचारलं त्यांतल्या निम्म्यांना तरी माहीत नव्हतं, एवढाच काय तो दिलासा.

गाडी मार्च २०१६ मध्ये नवी कोरी घेतलेली. फिरली होती फक्त एकेचाळीस हजार सहाशे किलोमीटर. वाढीव वॉरंटी संपायला दोन महिने बाकी, म्हणून मी निर्धास्त. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने चार दिवसांनी फोन केला. इंजिनात गाळ झालाय, देखभालीत हयगय, वॉरंटी लागू नाही, हाफ इंजिन बदलावं लागेल, दोन लाख शेहेचाळीस हजार. हयगय कुठली? तर मार्च २०२० ची सर्व्हिसिंग मी ऑक्टोबरमध्ये केली होती. मार्च २०२० च्या अखेरीला टाळेबंदीत देश बंद झाला, त्यांचं सर्व्हिस सेंटरही बंद होतं, हे मी सांगितलं. ‘‘हो सर, पण सिस्टीममध्ये गॅप दिसते,’’ असं उत्तर आलं.

गाडी टो करून नाना पेठेतल्या एका मिस्त्रींकडे आणली. साठीचा माणूस, बोलणं मोजकं. त्यांनी टॅपेट कव्हरचे बोल्ट काढले, कव्हर उचललं आणि माझ्याकडे न बघता बाजूला सरकले, मला दिसावं म्हणून. आत चकचकीत धातू असायला हवा. तिथे करपलेल्या पिठल्यासारखा काळा, मेणचट थर होता. कॅमशाफ्टचे उंचवटे तेवढे घासून उघडे राहिले होते, बाकी सगळं लिंपलेलं. मिस्त्रींनी चहाच्या टपरीवरचा चमचा घेऊन थोडा थर खरवडला आणि चमचा उलटा केला. थर पडला नाही. मग खाली जाऊन चेंबर काढलं. चेंबर म्हणजे इंजिनाच्या बुडाची परात, तेल साठतं ती. त्यात बुडलेली एक जाळी असते, तेलाचा पंप त्या जाळीतूनच तेल ओढतो. जाळीची बोटभर जागा सोडली तर बाकी सगळी बुजली होती.

‘‘तेल होतं की साहेब,’’ मिस्त्री म्हणाले. ‘‘वर चढत नव्हतं.’’

पट्टीवर तेल दिसत होतं ते म्हणूनच. खाली तळं भरलेलं आणि वर बेअरिंग कोरडी. शाफ्ट आणि बेअरिंग यांच्यामध्ये तेलाचा जो पातळ पडदा असतो तो तुटला की धातूला धातू घासतो, आणि मग मिनिटांचा खेळ असतो.

हा गाळ येतो कुठून? बाहेरची धूळ आत जाऊन चिखल होतो असं मला वाटायचं. तसं नाही. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. वाफेच्या रूपात ते बहुतेक सगळं सायलेन्सरमधून बाहेर जातं. पण थोडी वाफ, थोडं न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइडं पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली, तेलात उतरतात. इंजिन नीट तापलं आणि तसं तासभर चाललं तर हे पाणी उडून जातं. दोन किलोमीटरवरच्या शाळेत मुलीला सोडून घरी आलं तर ते तिथेच राहतं, आम्ल तयार होतं. दुसरीकडे हेडजवळ जिथे इंजिन फार तापतं तिथे तेल जळत, आंबत जातं. तेलात डिटर्जंट आणि डिस्पर्संट घातलेले असतात, ते ही काजळी धरून ठेवतात. (त्यामुळे तेल लवकर काळं पडलं म्हणजे वाईट, हा समज चुकीचा आहे. काळं पडणं हा ते काम करत असल्याचा पुरावाही असू शकतो.) ही द्रव्यं संपली की धरलेलं सगळं सुटतं आणि जिथे जागा मिळेल तिथे बसतं.

माझा मोठा भाऊ १९९८ पासून न्यू जर्सीत एडिसनला असतो. रात्री फोनवर त्याला हे सांगितलं तर त्याने इंजिनाबद्दल एक शब्द विचारला नाही. ‘‘पावत्या आहेत का?’’ हा त्याचा पहिला प्रश्न. त्याच्याकडे बुटाच्या खोक्यात वीस वर्षांच्या ऑइल बदलल्याच्या पावत्या आहेत, आणि वहिनी त्यावरून त्याची थट्टा करते. पण हे खूळ त्याला लागलं तेव्हा तिथल्या अर्ध्या भारतीय घरांसमोर एकाच कंपनीच्या गाड्या उभ्या असायच्या, आणि २००२ साली त्याच गाड्यांवरून मोठं रण पेटलं होतं.

टोयोटाची इंजिनं म्हणजे न मरणारी, ही त्या वेळची ख्याती. पण १९९७ ते २००२ या काळातली तीन लिटरची व्ही-सिक्स आणि २.२ लिटरची चार सिलिंडरची इंजिनं काही मालकांच्या हातात गाळाने बसू लागली. कॅमरी, ॲव्हलॉन, सिएना, लेक्ससच्या ईएस ३०० आणि आरएक्स ३०० अशी ती यादी. दुरुस्तीचा आकडा काही हजार डॉलरचा. कंपनीची भूमिका सरळ होती: तेल वेळेवर बदललं नाही, दोष मालकाचा. ज्यांनी बदललं होतं ते चिडले, एकमेकांना शोधू लागले, वर्तमानपत्रांना लिहू लागले. २००२ मध्ये कंपनीने तेहतीस लाखांच्या आसपास गाड्यांसाठी खास सवलत जाहीर केली. गाडी पहिल्यांदा विकल्यापासून आठ वर्षं, किलोमीटरची मर्यादा नाही, गाळाने इंजिन गेलं तर खर्च कंपनीचा. अट एवढीच, की मालकाने वाजवी देखभाल केल्याचं दाखवावं. गंमत म्हणजे त्या योजनेच्या नावात गाळ हा शब्दच नव्हता. होता ‘ऑइल जेलेशन’. गाळ म्हटलं की कुणीतरी तो होऊ दिला असं वाटतं. जेल म्हटलं की बिचाऱ्या तेलाचा आपला स्वभाव!

‘वाजवी देखभाल’ या दोन शब्दांवर मग सगळी खेचाखेच. तिकडे घरासमोर गाडीखाली पाठीवर सरपटत जाऊन स्वतः तेल बदलणारे पुष्कळ असतात. त्यांच्याकडे असते ती दुकानातून तेलाचे डबे घेतल्याची पावती. ते तेल याच गाडीत ओतलं, हे सिद्ध कसं करायचं? जुनी गाडी घेतलेल्यांची आणखी पंचाईत. आधीच्या मालकाने काय केलं ते देव जाणे. पुढे कंपनीने पुराव्याची अट बरीच सैल केली, आणि २००७ मध्ये लुइझियाना राज्यात सामूहिक दाव्याची तडजोड झाली तेव्हा नाकारलेल्यांना पुन्हा दाद मागायची वाट मिळाली.

टोयोटा एकटी नव्हती. फोक्सवॅगन आणि आउडीच्या १.८ लिटर टर्बो इंजिनाचं असंच झालं. पसाटमध्ये हे इंजिन लांबीत बसवलेलं होतं, तेल जेमतेम पावणेचार लिटरच्या घरात, आणि शेजारी लालबुंद तापणारा टर्बो. २००४ मध्ये त्या कंपनीनेही अमेरिकेतल्या मालकांना पत्रं पाठवून आठ वर्षांचं संरक्षण दिलं, आणि तेल सिंथेटिकच घाला असं बजावलं. साबनेही पुढे तेच केलं. क्रायस्लरच्या २.७ लिटर इंजिनाचा पाण्याचा पंप तर इंजिनाच्या पोटात, टायमिंग चेनवर फिरणारा. तो गळला तर कूलंट थेट तेलात. तिथल्या मालकांना अशी सरसकट मुदतवाढ मिळाली नाही, त्यांनी आपलं आपण निस्तरलं.

मला या सगळ्यात दोन्ही बाजू एकाच वेळी खऱ्या वाटतात. तेल उशिरा बदललं की गाळ होतो, हे खरंच. पण तोच निष्काळजी माणूस त्याच कंपनीचं दुसरं इंजिन त्याच पद्धतीने वापरतो आणि ते दोन लाख किलोमीटर चालतं, हेही खरं. काही इंजिनांत आतल्या वाफा बाहेर काढणारी वाट अरुंद असते, हेडजवळ एखादी जागा फाजील तापते, तेल कमी मावतं. चूक माफ करण्याची ताकद त्यांच्यात कमी असते. ती किती कमी आहे हे गाडी विकताना कुणी सांगत नाही आणि गाडी बंद पडली की फक्त चुकीबद्दल बोललं जातं.

आता माझी चूक. माझ्या गाडीचा डिस्प्ले सरासरी वेग दाखवतो: ताशी पंधरा किलोमीटर. कोथरूड ते शाळा, कोथरूड ते शिवाजीनगर, कर्वे रस्त्याचे सिग्नल, तेव्हा चाललेल्या मेट्रोच्या कामाची कोंडी. या वेगाने दहा हजार किलोमीटर व्हायला इंजिन साडेसहाशेहून जास्त तास चालतं. महामार्गावर ताशी पंचाहत्तरने तेच अंतर एकशे तेहतीस तासांत संपतं. किलोमीटरचा काटा दोघांनाही सारखंच वय लावतो! सिग्नलला उभं राहून घालवलेले तास त्याच्या हिशेबातच नाहीत.

गाडीबरोबर आलेलं पुस्तक मी इंजिन गेल्यावर पहिल्यांदा उघडलं. मागच्या पानांत बारीक टायपात ‘खडतर वापर’ असं एक कोष्टक आहे. छोट्या छोट्या फेऱ्या, धूळ, सतत थांबत चालणं, बराच वेळ उभ्याने इंजिन चालू ठेवणं, अशा वापरात तेल निम्म्या अंतरावर बदला. हे पुण्याचं वर्णन आहे, त्यात शहराचं नाव तेवढं घालायचं राहिलंय. पण दरवेळी सर्व्हिसिंग झालं की काचेवर जो स्टिकर लावून मिळायचा त्यावर पुढचा आकडा दहा हजार किंवा एक वर्ष असाच असायचा. प्रस्तुत लेखक स्टिकर वाचणारा आहे, पुस्तक वाचणारा नाही.

ओळखीच्या एका वकिलीणबाईंना विचारलं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात वस्तूतला दोष चाचणीशिवाय ठरवता येत नसेल तर नमुना प्रयोगशाळेकडे पाठवण्याची तरतूद आहे, तक्रार दोन वर्षांच्या आत करायची, जिल्हा आयोगात जाता येईल, असं त्यांनी सांगितलं. मग म्हणाल्या, ‘‘तो गाळ कुठे आहे?’’

मी मिस्त्रींकडे धावलो. चेंबर, जाळी, टॅपेट कव्हर, सगळं रॉकेलमध्ये धुऊन, पुसून, वर्तमानपत्रावर आरशासारखं मांडून ठेवलं होतं. ‘‘घाण कशाला ठेवायची साहेब?’’ चार दिवसांपूर्वी ज्या दृश्याचा मी धड फोटोसुद्धा काढला नव्हता ते ड्रमातल्या काळ्या रॉकेलात विरघळून गेलं होतं. काढला तो एकच, चमच्याचा, आणि त्यात चमचा कशावर धरलाय तेच दिसत नाही. कंपनीने पुढे ‘सदिच्छा’ म्हणून सुट्या भागांवर वीस टक्के सूट देऊ केली. तोवर क्रँकशाफ्ट लेथवर ग्राइंडिंगला गेला होता.

एकोणीस दिवस आणि अठ्ठ्याहत्तर हजार रुपये लागले. नवी बेअरिंग, नवा ऑइल पंप, रिंगा. पैसे देताना मी काउंटरवर दिसलेल्या इंजिन फ्लशच्या डबीबद्दल विचारलं. ही आधी घातली असती तर? मिस्त्रींनी पहिल्यांदा जरा लांब उत्तर दिलं. थोडा गाळ असेल तर ठीक. एवढा असेल तर तो सुटून जाणार कुठे? खालीच येणार, जाळीत. जे इंजिन सहा महिन्यांनी बसलं असतं ते त्याच आठवड्यात बसतं.

आता दर पाच हजारांना किंवा सहा महिन्यांनी, जे आधी येईल तेव्हा, मी तिथे जातो. जुनं फिल्टर ते हॅकसॉने कापतात, आतला कागद पंख्यासारखा पसरून उजेडात धरतात, बोटाने चाचपतात. धातूचा कण नाही, गुठळी नाही. तिसऱ्या वेळी मी भावाचा सल्ला आठवून पावती मागितली. मिस्त्रींकडे बिलबुक नाही. तेलाच्या दुकानाच्या बिलामागे त्यांनी तारीख, गाडीचा नंबर आणि किलोमीटर लिहिले.

‘‘सही पण करा.’’

‘‘सही कशाला? मी कुठे जातोय?’’

तरी मी पेन पुढे केलं. त्यांनी कागद धरला तसा जुन्या तेलाचा अंगठा बिलावर लख्ख उमटला, रेषान् रेषा दिसेल असा. तो कोपरा सोडून त्यांनी शेजारी सही केली आणि पुढच्या रिक्षाचं बॉनेट उघडायला सांगितलं, मग स्वतःच हसले, कारण रिक्षाला बॉनेट नसतं.